स्पेक्ट्रमचे इम्युलेटर करणाऱ्यांना खुलं पत्र: खेळणाऱ्यांचं झालं, आता प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं पण बघा

दोस्तांनो, नमस्कार.

सांगलीतून लिहितोय. इथं विश्रामबागेत रविवारी सकाळी आमची काही पोरं-पोरी जमतात, बहुतेक डिप्लोमाची, एकदोन इंजिनिअरिंगची, आणि आम्ही झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरसाठी असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, प्रोग्राम लिहितो. लिहितो स्पेक्ट्रमसाठी पण चालवतो तुमच्या इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर त्या जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, कारण खरं मशीन आता मिळतंय कुठं. याचं इंग्रजी पत्र तुम्हाला वेगळं पाठवतोय, पण मराठीत लिहायचं कारण असं की हे आमच्या पोरांनी पण वाचावं, कोल्हापूर-साताऱ्याकडं कुणी असलं काही करत असेल त्यानं वाचावं, आणि यातलं एखादं काम त्यांच्यापैकीच कुणीतरी अंगावर घ्यावं.

आधी आभार मानतो आणि ते मनापासून मानतो. फ्यूज काय, झेसॅरयूएक्स काय, सोर्स उघडा ठेवून फुकट वाटलेले इम्युलेटर आहेत हे. लोकांनी नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून वर्षानुवर्षं सांभाळलेत. ॲम्स्ट्रॅड कंपनीनं १९८६ ला स्पेक्ट्रम काढणाऱ्या सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा घेतला आणि पुढं स्पेक्ट्रमचे रॉम (मशीनमधले कायमचे प्रोग्राम) इम्युलेटरबरोबर वाटायला परवानगी दिली, त्यामुळं मी पोरांच्या लॅपटॉपवर हे सगळं राजरोस टाकू शकतो, चोरीची कॉपी वापरा असं शिकवावं लागत नाही. शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती मोठी वाटते ते तुम्हाला तिकडं बसून कदाचित जाणवत नसेल.

स्पेक्ट्रमच का, हे मला सारखं विचारतात म्हणून सांगतो. एक तर आपल्याकडं ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स कंपनीनं लायसन घेऊन डीबी स्पेक्ट्रम काढला होता, त्यामुळं माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी पहिलं बेसिक त्याच्यावर किंवा शाळेत आलेल्या बीबीसी मायक्रोवर बघितलंय. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. आमच्या पोरांना कॉलेजात इंटेलचा ८०८५ प्रोसेसर शिकवतात, लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि हेक्स कीपॅडवालं किट असतं, त्याच्यावर दोन आकड्यांची बेरीज करतात, व्हायवा देतात आणि विसरून जातात. आता स्पेक्ट्रममधला झेड८० म्हणजे कोण, तर इंटेलमध्ये ८०८० वर काम केलेल्या फेडेरिको फॅजिननं बाहेर पडून झायलॉग काढली त्या झायलॉगचा १९७६ चा प्रोसेसर, ८०८० चा, म्हणजे ८०८५ च्या थोरल्या भावाचा, मशीन कोड त्याच्यावर जवळपास जसाच्या तसा चालतो. किटवर पोरगं ए रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेत) आकडा भरायला एमव्हीआय ए साठी ३ई दाबतं, आमच्याकडं तेच पोरगं एलडी ए लिहितं आणि मेमरी उघडली की तोच ३ई समोर दिसतो. आणि इथं बेरजेचं उत्तर लाल आकड्यात नाही तर पडद्यावर रंगात, हलताना दिसतं. त्या क्षणी पोराच्या डोक्यात मायक्रोप्रोसेसर नावाचा विषय पहिल्यांदा जागा होतो, हे मी स्वतः बघितलंय, एकदा नाही खूपदा.

तर आता मुद्दा. तुमचे इम्युलेटर खेळणाऱ्यांसाठी उत्तम झालेत. जुने गेम चालतात, आवाज बरोबर येतो, बॉर्डरवरचे पट्टे जागच्या जागी पडतात, याच्यात मला काहीच कमी काढायची नाही. पण नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला मशीनची नुसती हुबेहूब नक्कल पुरत नाही. खरं मशीन मुकं होतं, प्रोग्राम पडला की रीसेट व्हायचं नाहीतर पडदा चित्रविचित्र व्हायचा, का पडला ते कधी सांगायचं नाही. इम्युलेटरला मात्र आतलं सगळं माहिती असतं. प्रत्येक इन्स्ट्रक्शन, प्रत्येक बाइट, प्रत्येक टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) त्याच्या हातातून गेलेला असतो, आणि तरी तो खऱ्या मशीनसारखाच गप्प बसतो. तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे की त्याला बोलता करा, त्याला जे कळलंय ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगू दे.

एक उदाहरण देतो म्हणजे नेमकं कळेल. आम्ही बाराखडीचा एक प्रोग्राम करतोय, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी, की दाबली की अक्षर यायचं. स्पेक्ट्रमच्या रॉममधला फाँट ८ बाय ८ चा आहे, ९६ अक्षरं, १५६१६ पत्त्यापासून ७६८ बाइट, आणि स्वतःची अक्षरं करायची तर ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या, मॉडेलवर यूडीजी फक्त २१. देवनागरी काय ८ ओळींच्या उंचीत बसत नाही, वर मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेषा, सगळं घुसवायचं तर अक्षर ओळखूच येत नाही. म्हणून आम्ही १६ बाय १६ ची अक्षरं काढून थेट पडद्याच्या मेमरीत टाकतो. एका मुलीनं अक्षरांच्या टेबलचा पॉइंटर आयवाय रजिस्टरमध्ये ठेवला. प्रोग्राम चालला, अक्षरं पण छान दिसली, फक्त थोड्या वेळानं अक्षरांच्या डोक्यावर बारीक टिंब यायला लागलं, क चा कं, ग चा गं. जे अक्षर पडद्यावर असताना की दाबली तेच अक्षर पुढच्या वेळी टिंब घेऊन यायचं. पोरांनी ड्रॉइंगचं रुटीन दहादा तपासलं, टेबल परत टाइप केलं, काही सापडेना.

जे जुने आहेत त्यांना एव्हाना कळलं असेल. रॉमचं इंटरप्ट रुटीन, म्हणजे चालू काम मधेच थांबवून चालणारा तुकडा, सेकंदाला ५० वेळा पत्ता ५६ वरून चालतं, कीबोर्ड वाचतं, आणि नवीन की मिळाली की आयवाय अधिक १ या बाइटचा पाचवा बिट सेट करतं. आयवायमध्ये रॉमला अपेक्षित असलेला २३६१० असेल तर तो बाइट म्हणजे सिस्टिमचा फ्लॅग, सगळं व्यवस्थित. आयवायमध्ये आमच्या क चा पत्ता असेल तर तो बाइट म्हणजे क च्या सगळ्यात वरच्या ओळीचा उजवा अर्धा भाग, आणि पाचवा बिट म्हणजे तिथला एक ठिपका. रॉम प्रामाणिकपणे आमच्या अक्षरांना अनुस्वार देत होता!

आता बघा, त्या बाइटवर शेवटचं कुणी लिहिलं हे इम्युलेटरला त्याच वेळी माहिती होतं. लिहिणारी इन्स्ट्रक्शन रॉममध्ये आहे, १६३८४ च्या खाली, आणि जिथं लिहिलं तो भाग आमच्या डेटाचा. डीबगरमध्ये (प्रोग्रामच्या चुका शोधायच्या सोयीत) मेमरीवर लिहिताना थांबायचा ब्रेकपॉइंट असतो हे मला माहिती आहे, आम्ही शेवटी तसंच शोधलं, पण त्याच्यासाठी कुठल्या पत्त्यावर लक्ष ठेवायचं ते आधी माहिती पाहिजे आणि शिकणाऱ्या पोराला नेमकं तेच माहिती नसतं. म्हणून पहिली मागणी ही: प्रत्येक बाइटसाठी शेवटचं लिहिणारा पत्ता साठवून ठेवा. ६५,५३६ पत्ते, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे सगळे मिळून १२८ के. आजच्या कॉम्प्युटरला हे काहीच नाही. मेमरी दाखवायच्या खिडकीत एखाद्या बाइटवर बोट ठेवलं की 'याला शेवटचं यानं लिहिलं' एवढं दिसू दे, आमचे निम्मे रविवार वाचतील. आणि त्याच्याच जोडीला इशारे. इंटरप्ट चालू आहे, रॉमचं रुटीन वापरात आहे आणि आयवाय बदललाय, तर सांगा. मशीन कोड चालवणाऱ्या यूएसआर मधून बेसिकला परत चाललाय पण पर्यायी एचएल रजिस्टरमध्ये १००७२ नाही, तर सांगा. आय रजिस्टर ६४ ते १२७ च्या मधे गेलाय, खऱ्या ४८के वर पडद्यावर बर्फ पडल्यासारखं दिसणार आहे, तर सांगा. खेळणाऱ्याला हे नको असेल तर बंद ठेवायची सोय द्या, पण असू द्या.

वेळेचं सांगतो, कारण तिथं पोरं सगळ्यात जास्त अडकतात. ४८के वर एका फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा काढायला, ६९,८८८ टी-स्टेट मिळतात, २२४ ची एक ओळ अशा ३१२ ओळी. त्यातल्या १९२ ओळी पडद्याच्या, आणि त्या काढताना पडदा सांभाळणारी यूएलए चिप १६३८४ ते ३२७६७ ही मेमरी स्वतःकडं ओढते, प्रोसेसर तिथं गेला की त्याला ६ टी-स्टेटपर्यंत थांबवून ठेवते. त्यामुळं तोच लूप ३२७६८ च्या वर ठेवला तर पळतो आणि खाली ठेवला तर रांगतो. हे फळ्यावर शिकवता येतं हो, पण पोराला दिसत नाही. डीबगरमध्ये टी-स्टेटचा एकच आकडा असतो, एकूण. तो फोडून दाखवा की राव: ही इन्स्ट्रक्शन मूळची इतक्याची, यूएलएनं थांबवलं इतकं. आणि फ्रेम संपली की एक पट्टी दाखवा, त्यात आमचं कुठलं रुटीन कितीला पडलं, आणि आम्ही पडद्यावर लिहिलं तेव्हा पडदा रंगवणारा किरण कुठल्या ओळीवर होता. अक्षर लुकलुकतंय म्हणजे आपण किरणाच्या पुढं लिहितोय का मागं हे एका नजरेत कळेल. १२८के मॉडेलवर हीच फ्रेम ७०,९०८ ची होते, २२८ च्या ३११ ओळी, म्हणजे ४८के वर नेमका बसवलेला हिशोब तिथं सरकतो, तर तीच पट्टी दोन्ही मशीनसाठी शेजारी शेजारी मिळाली तर फारच उत्तम.

आता लेबलचं, म्हणजे सोर्समध्ये रुटीनला दिलेल्या नावांचं. हे माझ्या मते सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त रखडलंय. पोरानं सोर्समध्ये अक्षर_काढ अशा अर्थाचं नाव देऊन रुटीन लिहिलेलं असतं, डीबगर उघडला की समोर नुसता ३२९४१. कुठलं रुटीन, कुठली ओळ, काही पत्ता नाही. पास्मो हा असेंबलर वेगळी सिंबॉल फाइल (नावं आणि पत्ते यांची यादी) देतो, एसजेएएसएमप्लस वेगळी, झेड८८डीके ची मॅप फाइल आणखी तिसरी, आणि इम्युलेटर यातलं काय वाचेल ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. डेझॉग नावाचं डीबगिंगचं एक फार चांगलं काम झालेलं आहे, सोर्सच्या ओळीवर ब्रेकपॉइंट, मागं जाणं, युनिट टेस्ट, सगळं आहे त्याच्यात, आणि करणाऱ्याला माझा सलाम. पण त्याच्यासाठी व्हीएस कोड हा एडिटर लागतो, एक्स्टेन्शन लागतं, त्याची सेटिंगची फाइल, मग इम्युलेटर जोडायचा. आमच्या पोरांचे लॅपटॉप सरकारी योजनेतले नाहीतर मोठ्या भावाचे जुने, दोन जीबी रॅमवाले, ते व्हीएस कोड उघडतानाच दम टाकतात. म्हणून म्हणतो, हे इम्युलेटरच्या पोटात आलं पाहिजे.

आणि फॉरमॅट एकच ठरवा. तुम्हीच हे आधी करून दाखवलंय! टीझेडएक्स बघा, टेपचं बारीकसारीक सगळं साठवणारा फॉरमॅट, आज तो कुठल्याही बऱ्या इम्युलेटरमध्ये चालतो. स्नॅपशॉटचं (मशीनची त्या क्षणाची अवस्था) तेच, आरझेडएक्सचं (खेळाचं रेकॉर्डिंग) तेच. खेळण्याच्या बाबतीत एवढी एकी झाली तर लेबल आणि सोर्सच्या ओळींच्या बाबतीत का होऊ नये? एसजेएएसएमप्लसचा एसएलडी फॉरमॅट आहेच, तो घ्या किंवा नवीन करा, पण एक करा आणि असेंबलर लिहिणाऱ्यांना पण त्या चर्चेत घ्या. आणि एक कळकळीची विनंती, सोर्स दाखवाल तेव्हा यूटीएफ-८ नीट वाचा. आमच्या कॉमेंट मराठीत असतात, पोरं मराठीत विचार करतात म्हणून मराठीत लिहितात, आणि डीबगरमध्ये त्यांचे चौकोन चौकोन झालेले दिसतात. स्वतःच लिहिलेली कॉमेंट वाचता येत नाही म्हटल्यावर पोरगं कॉमेंट लिहायचंच सोडून देतं.

मिरजेत सतारीची जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून सूर खुलवणारे, कारागीर बघितलेत का कधी? कानस मारायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. हातातलं वाद्य बाजूला ठेवायला लागत नाही म्हणून कान जागा राहतो. प्रोग्राम लिहिताना तसंच पाहिजे. फाइल सेव्ह केली की इम्युलेटरनं आपणहून नवीन कोड घ्यावा, मशीन ठरलेल्या अवस्थेत आणावं, चालू करावं. आमच्याकडं आत्ता काय होतं, असेंबल करा, टॅप फाइल (टेपची नक्कल) करा, खिडकीत जा, मेनू, ओपन, फाइल शोधा, लोड, पोरगं तेवढ्यात आपण काय बदललं होतं तेच विसरतं. स्क्रिप्ट लिहून यातलं बरंच जमवता येतं, मी काही ठिकाणी जमवलंय, पण ती स्क्रिप्ट एका इम्युलेटरला चालते ती दुसऱ्याला नाही, विंडोजला चालते ती लिनक्सला नाही.

याच्याच पुढची गोष्ट म्हणजे खिडकीशिवाय चालणं. आमच्याकडं रविवारी सगळे आपापलं काम आणतात, मला प्रत्येकाचं चालवून बघायला लागतं. मला अशी कमांड पाहिजे की हा कोड घे, पडदा न उघडता पूर्ण वेगात इतक्या फ्रेम चालव, मधे ह्या ह्या की दाब, शेवटी पडद्याचे ६९१२ बाइट मी दिलेल्या फाइलशी ताडून बघ आणि जुळलं का नाही ते एक्झिट कोडमध्ये सांग. आणि प्रोग्रामला स्वतःहून 'मी पास' किंवा 'मी नापास' म्हणता यावं यासाठी सगळ्यांनी मिळून एखादा मोकळा पोर्ट ठरवा, त्याच्यावर लिहिलं की ते कन्सोलवर छापलं जाईल. हे झालं तर पोरं आपापली टेस्ट स्वतः लिहितील. आजच्या नोकरीत त्यांना हेच करायचंय, ते इथं शिकतील, आणि तेही ४८ के मध्ये.

आरझेडएक्स बद्दल मला फार आशा आहे. सध्या तो लोक गेम पूर्ण करून दाखवायला वापरतात. पण त्याच्यात प्रत्येक फ्रेमला पोर्टमधून काय वाचलं गेलं ते सगळं असतं, सुरवातीचा स्नॅपशॉट पण आत ठेवता येतो, म्हणजे जे घडलं ते तंतोतंत परत घडवता येतं. म्हणजे बग पाठवायचा सगळ्यात चांगला फॉरमॅट आपल्याकडं आधीपासून आहे! पोरानं घरी, तासगावला नाहीतर इस्लामपूरला बसून रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, गडबड झाली की फाइल मला पाठवायची, मी इथं डीबगर लावून तीच गडबड बघायची. त्याच्यासाठी आरझेडएक्स चालू असताना ब्रेकपॉइंट लागले पाहिजेत, एकेक इन्स्ट्रक्शन पुढं जाता आलं पाहिजे आणि मागं पण. मागं जाणं अवघड आहे हे मला कळतं, पण दर थोड्या फ्रेमला स्नॅपशॉट ठेवून तिथून परत पुढं चालवलं तरी आमचं भागतं.

छोट्या मागण्या भरभर सांगतो. मेमरीतली चित्रं बघायची खिडकी, रुंदी आपल्याला पाहिजे तेवढी ठेवता येईल अशी, म्हणजे १६ बाय १६ चं अक्षर अक्षरासारखं दिसेल. पडद्याची मेमरी तीन भागात उलटसुलट लावलेली आहे, तर पडद्यावरच्या ठिपक्यावर माउस नेला की त्याचा पत्ता आणि बिट दाखवा, नवीन पोराचे दोन रविवार त्या हिशोबातच जातात. आणि मशीन-मशीनमधला फरक एका बटणावर बदलता येऊ दे: इश्यू २ आणि इश्यू ३ या ४८के च्या दोन आवृत्त्यांच्या बोर्डवर कीबोर्डचा पोर्ट २५४ वाचला की सहावा बिट वेगळा येतो, ज्यानं कीबोर्डचे पाच बिट मास्क न करता आख्खा बाइट ताडला त्याचा प्रोग्राम एकीकडं चालतो, दुसरीकडं की दाबलीच नाही म्हणतो. दोन्हीवर आपोआप चालवून फरक दिसला तर सांगितलं तर किती बरं होईल.

कुणी म्हणेल एवढं कशाला, खऱ्या मशीनवर तपासा की. तपासलं असतं हो. पण जुन्या ४८के मध्ये खालच्या १६ के ला ४११६ नावाच्या मेमरी चिप असतात, त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, त्यातला एक गेला की चिप मरतात. कीबोर्डची पट्टी कडक होऊन तुटते. यूएलए गेली तर तीच चिप नव्यानं मिळत नाही. आणि सांगलीत वरून पाण्याची भर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभाग, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात होतं, लोकांची घरं-दुकानं गेली तिथं माळ्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरचं कोण बघतंय. माझ्या ओळखीतली दोन मशीनं त्यात गेली, चिखल धुऊन पण परत उठली नाहीत. आता आमच्याकडं चालू असं एकच ४८के आहे, वीस पोरांच्या हातात ते देववत नाही, वर्षातून थोड्या वेळा शेवटची तपासणी म्हणून लावतो. बाकी सगळं वर्ष इम्युलेटर हेच आमचं मशीन.

नुसत्या मागण्या टाकून बसणार नाही. ते एक मशीन आहे, त्याच्यावर तुम्हाला वेळेची कुठलीही टेस्ट चालवून पाहिजे असेल तर पाठवा, आम्ही चालवून पडद्याचा व्हिडिओ देऊ. आयवायचा, यूएलएच्या थांबण्याचा, इश्यू २-३ चा, असे आमच्या पोरांचे खरोखर घडलेले बग आम्ही छोट्या छोट्या टॅप फाइल करून सोर्ससकट वाटायला काढतोय, तुमचा इशारा लागतो का नाही ते त्याच्यावर तपासता येईल. मेनूचं आणि मॅन्युअलचं मराठी भाषांतर आम्ही करू, फक्त मेनूतला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये काढून द्या. आणि आमच्यातल्या दोघीजणींनी सी मध्ये 'शेवटचं कुणी लिहिलं' हे एका उघड्या इम्युलेटरमध्ये घालायला सुरवात पण केलीय. दिवाळीच्या सुट्टीत पॅच तयार होईल असं म्हणतायत. तो आला की बघा, चुका असतील त्या स्पष्ट सांगा, पण उत्तर नक्की द्या, 'विचार करू' एवढं तरी, कारण पोरं रोज मेल उघडून बघणार आहेत.

आपला,
सांगलीतला एक स्पेक्ट्रमवाला